छापून आलं तेवढंच

थोरियम या शब्दाचा मला अगदी वीट आला होता, आणि नेमके त्याच वर्षी माझे सासरे सहा महिन्यांसाठी आमच्याकडे अमेरिकेत, मॉरिसव्हिलला राहायला आले. त्यांना त्याच एका शब्दाची भूक होती.

मी तेव्हा अणुवीजकेंद्रांसाठी नवं इंधन तयार करू पाहणाऱ्या एका छोट्या कंपनीत होते. सगळं जग अणुभट्टीत युरेनियम घालतं, आम्ही त्याऐवजी थोरियम घालायच्या खटपटीत होतो. थोरियम म्हणजे ओलं लाकूड. स्वतःहून पेटत नाही, शेजारी काहीतरी जळतं ठेवावं लागतं. धग लागत गेली की मग हळूहळू त्याचंच जळण होतं, आणि चांगलं पुरतं. आपल्याकडे समुद्रकाठच्या वाळूत ते भरपूर पडलंय, हे शाळेतल्या मुलांनाही माहीत असतं. मी शिकत होते तेव्हा सगळे म्हणायचे, अजून वीस वर्षांनी थोरियमचे दिवस येतील. मी नोकरीला लागले तेव्हाही वीसच वर्षं राहिली होती. दर कॉन्फरन्सला कोणीतरी उठून तेच सांगायचं, आणि आम्ही माना डोलावून कॉफी प्यायला जायचो.

माझं काम दिसायला फारच साधं होतं. इंधनाची पावडर दाबून, भाजून तिच्या गोळ्या करतात, शाळेतल्या खडूच्या तुटक्या तुकड्याएवढ्या. त्या एकावर एक रचून धातूच्या बारीक नळीत भरतात आणि नळ्या अणुभट्टीत सोडतात. आत काही वर्षं राहिल्यावर गोळी किती तापेल, किती फुगेल, कुठे चिरेल, हे मी कॉम्प्युटरसमोर बसून काढायचे. सकाळी मुलीला डेकेअरला सोडायचं, दिवसभर गोळी फुगवायची, संध्याकाळी मुलीला उचलायचं, इंडियन ग्रोसरीतून कोथिंबीर घ्यायची आणि घरी येऊन कुकर लावायचा. नवरा आयटीतला. त्याच्या कामाचा मला पत्ता नाही आणि माझ्या कामाचा त्याला. पण त्याच्या बाबतीत तो आळस होता, माझ्या बाबतीत नियम.

तो नियम सांगायलाच हवा. ग्रीन कार्ड हातात पडेपर्यंत मला त्या प्रोजेक्टच्या खोलीत पाऊल टाकू दिलं नव्हतं. ते पडल्यावर ऑफिसातल्या नियमवाल्या बाईंनी मला समोर बसवून शिकवलं की, आपल्या कामातली तांत्रिक गोष्ट दुसऱ्या देशाच्या नागरिकाला सांगणं म्हणजे ती वस्तू जहाजात घालून त्या देशात पाठवण्यासारखंच आहे. सांगणारा अमेरिकेत बसलेला असला आणि ऐकणाराही अमेरिकेत बसलेला असला तरी. उदाहरण म्हणून त्यांनी घरातल्या जेवणाच्या टेबलाचंच दिलं होतं. भारताच्या बाबतीत तर तेव्हा जास्तच कडक होतं. सासूसासरे येणार म्हटल्यावर मी आपण होऊन बाईंना कळवलं. त्यांनी विचारलं, सासरे काय करायचे? मी म्हटलं, रिटायर्ड आहेत, सरकारी नोकरी, अणुऊर्जा, थोरियम इंधन. बाईंनी चष्मा काढून टेबलावर ठेवला. मग म्हणाल्या, "त्यांच्याशी हवामानावर बोलत जा."

सासऱ्यांची, म्हणजे बाबांची, बाजूही अशीच. त्यांनीही नोकरीला लागताना गुप्ततेची शपथ घेतली होती आणि ती अक्षरशः पाळली होती. सासूबाई एकदा मला म्हणाल्या, "मला इतकंच ठाऊक की हे सकाळी बसने जातात आणि संध्याकाळी हात धुवून येतात. लोकांनी विचारलं तर मी सांगायची, वीज बनवतात." त्यांनी कधी जास्त विचारलं नाही, बाबांनी कधी सांगितलं नाही. लग्न झालं तेव्हा मी अणुशास्त्र शिकलेली सून म्हणून ते खूश होते, पण त्या खुशीचं पुढे काही झालं नाही. फोनवर आम्ही मुलीच्या सर्दीवर बोलायचो.

ते मार्चअखेर आले. आमच्याकडे तेव्हा पाइनच्या झाडांचे पराग उडतात. गाड्या, बाकं, पत्रपेट्या, सगळ्यांवर पिवळी भुकटी बसते आणि माणसं शिंकत फिरतात. विमानतळावरून घरी आल्यावर बाबांनी गाडीच्या बॉनेटवरून बोट फिरवलं, भुकटी चिमटीत घेऊन चोळली आणि उन्हात धरली. "बारीक आहे. चाळायला लागणार नाही," ते म्हणाले. नवरा बॅगा उतरवत होता, त्याने ऐकलं नाही. मला मात्र हसू आलं. आमच्या कंपनीतला पावडरचा माणूसही अगदी अशीच चिमूट चोळून बघायचा.

पहिला महिना जसा सगळ्यांच्या आईवडिलांचा जातो तसा गेला. सासूबाईंना दोन दिवसांत मैत्रिणी मिळाल्या. अपार्टमेंटच्या क्लबहाऊसमध्ये तेलुगू, गुजराती, मराठी अशा सगळ्या आज्या जमायच्या आणि कोणाच्या भाषेचं कोणाला अडायचं नाही. बाबांना जमेना. तिथले काका लोक मधुमेहाच्या गोळ्या आणि मुलांच्या घरांच्या किमती यांवर बोलायचे. त्या वर्षी भारत-अमेरिका अणुकराराच्या बातम्या रोज यायच्या. एका काकांना कुठून तरी बाबांची नोकरी कळली आणि त्यांनी विचारलं, "काय साहेब, तुम्ही तर आतले. हे डील आपल्याला फायद्याचं का?" बाबा म्हणाले, "मी वाचलं नाही." रोज सकाळी ते पहिल्या पानापासून शेवटच्या पानापर्यंत तेवढंच वाचत होते.

घरात मात्र त्यांना राहवलं नाही. एकदा वरणभात कालवताना, वर न बघता, त्यांनी मला विचारलं, "तुमच्याकडे पावडर कोरडी दळतात का ओली?"

"बाबा, प्लीज, नको," मी म्हटलं.

त्यांचा चेहरा इतका पडला की मला स्वतःचाच राग आला. पोर्तुगालहून किंवा पेरूहून आलेला कोणी असता तरी मी तेच म्हटलं असतं, हे त्यांनाही कळत होतं. नियम म्हणजे काय हे त्या घरात त्यांच्याइतकं कोणालाच कळत नव्हतं. तरीही चेहरा पडलाच.

नवऱ्याने चमचा खाली ठेवला. "यार, तुम्ही दोघं काय हेरगिरी करताय का? एक करा. जे छापून आलंय, पब्लिक आहे, तेवढंच बोला. मी अम्पायर."

मी दुसऱ्या दिवशी नियमवाल्या बाईंना विचारून घेतलं. मी असल्या बाबतीत भित्री आहे. त्या म्हणाल्या, छापलेलं चालेल, ते सगळ्या जगाचं. पण एक लक्षात ठेव. त्यांनी छापलेलं वाचून तुला काही विचारलं, तर 'बरोबर' म्हणायचं नाही आणि 'चूक' पण म्हणायचं नाही. 'मला यावर काही बोलता येत नाही' एवढंच म्हणायचं. मग कशावर बोलायचं, असं मी विचारलं नाही. मला घरी जाऊन भात टाकायचा होता.

तरी आमच्या छापील गप्पा सुरू झाल्या. शनिवारी नवरा बाबांना युनिव्हर्सिटीच्या लायब्ररीत सोडायचा. तिथे बाहेरच्या माणसालाही बसून वाचता येतं. ते सोबत डब्यात पोळीभाजी न्यायचे आणि संध्याकाळी परत आले की जेवताना मला वाचलेलं सांगायचे. मी ऐकायचे आणि छापील तेवढ्यावर छापीलच बोलायचे. मधेच एखादं वाक्य सीमारेषेवर आलं की नवरा ओरडायचा, "छापलंय का?" मुलगी आळीपाळीने आमच्या तोंडाकडे बघायची आणि म्हणायची, "आजोबा, धिस इज सो बोरिंग." आजोबा म्हणायचे, "येस, व्हेरी बोरिंग," आणि पुढे चालू ठेवायचे.

एका शनिवारी ते नेहमीपेक्षा गप्प आले. त्यांना तिथे अमेरिकेचेच जुने रिपोर्ट सापडले होते. या लोकांनी फार पूर्वी थोरियमवर एक अख्खी अणुभट्टी चालवून बघितली होती आणि सगळं लिहून ठेवलं होतं. आमच्या बाबांच्या पिढीला सांगितलं गेलं होतं की जगाने आपल्याला दारं बंद केली आहेत, जे करायचं ते आपलं आपण. त्यांनी तसंच केलं होतं. आणि त्यातलं कितीतरी इथे उघड्या कपाटात उभं होतं. कुणीही यावं, काढावं, वाचावं. "मला जे काढायला तीन-चार वर्षं लागली, ते त्यांनी मी कॉलेजात असतानाच छापलं होतं," ते म्हणाले.

"आणि आम्ही आता परत तेच करतोय," मी म्हटलं. हे छापील नव्हतं, पण अम्पायर काही बोलला नाही.

"धूळ बसली होती त्याच्यावर," बाबा म्हणाले आणि हात धुवायला उठले. मी पोळ्या लाटत होते, लाटत राहिले. एकच काम तीन ठिकाणी तिघांनी करायचं आणि तिघांनीही ते कपाटात घालायचं, याला काय म्हणतात मला माहीत नाही. मला एवढंच वाटलं की आपण फार दमलोय आणि उद्या सोमवार नाही हे बरं आहे.

त्यानंतर काही दिवसांनी त्यांनी मला त्यांच्या चिमटीची गोष्ट सांगितली. त्यांच्या उभ्या नोकरीत एकच निबंध छापून आला होता, कुठल्या तरी परिषदेच्या जाड पुस्तकात, आणि त्यातली प्रत्येक ओळ बोलायला ते मोकळे होते. थोरियमची गोळी भाजायला भयंकर आच लागते. इतकी की भट्ट्याच टिकायच्या नाहीत आणि भट्टीचे भाग बाहेरून मिळायचे नाहीत. बाबांनी असं शोधलं की पावडरमध्ये दुसऱ्या एका धातूच्या राखेची चिमूट घातली की गोळी बऱ्याच कमी आचेवर भाजून निघते. घट्ट, गुळगुळीत, फरशीवर टाकली तर चिनीमातीच्या कपासारखी वाजणारी. सगळे खूश. फक्त त्यांचे साहेब म्हणाले, ही चिमूट आत गेल्यावर रंग दाखवेल. गोळी फुगेल. बाबा म्हणाले, नाही फुगणार. दोघांची बोलाचाली झाली, मग बोलणंच बंद झालं. शेवटी चाचणीसाठी थोड्या गोळ्या एका लहान अणुभट्टीत घातल्या. त्या बाहेर निघायच्या आधीच वरून हुकूम आला, हे काम बंद. गटातली माणसं पांगवली. बाबांना सुरक्षा विभागात पाठवलं, आणि ते निवृत्त होईपर्यंत लोकांचे बॅज तपासत राहिले.

"गोळ्यांचं काय झालं?" मी विचारलं.

"अणुभट्टीशेजारच्या पाण्याच्या टाकीत असतील अजून. काढून कापून कुणी बघितलंच नाही." ते ओट्याला टेकून उभे होते आणि पोळीवर तूप लावत होते. "साहेब बरोबर होते का मी, एवढंच कळलं पाहिजे मला. बाकी काही नको. फुगल्या का नाही फुगल्या."

सासूबाई कोथिंबीर निवडत होत्या. त्या म्हणाल्या, "इतकी वर्षं मला चकार शब्द सांगितला नाहीत, आणि आता सुनेला गोष्टी सांगताय."

"छापून आलंय ते. तू वाचायचं होतंस," बाबा म्हणाले.

मी तव्याकडे बघत उभी होते. कारण आमच्या कंपनीनेही अशीच चिमूट घातली होती, त्याच धातूची. त्या गोळ्या त्या वेळी दुसऱ्या एका देशातल्या चाचणीच्या अणुभट्टीत होत्या आणि उन्हाळ्यात बाहेर निघणार होत्या. त्यांचंच फुगणं मी रोज कॉम्प्युटरवर काढत होते. यातलं अक्षर मला उच्चारता येत नव्हतं.

पण बाबा हुशार. पुढच्या शनिवारी त्यांनी लायब्ररीतून आमच्या कंपनीच्या वेबसाइटचं एक पान छापून आणलं. आम्ही कमी आचेवर गोळ्या भाजतो, त्यासाठी अमुक धातू वापरतो, असं आमच्याच जाहिरातवाल्यांनी मोठ्या अभिमानाने तिथे लिहून ठेवलं होतं. बाबांनी ते पान माझ्या ताटाशेजारी ठेवलं.

"तुम्ही पण चिमूट घालता."

"छापून आलंय, तर असेल."

"मग तुमच्या गोळ्या कधीतरी बाहेर निघतील. कापून बघाल. मला आत्ता काही सांगू नकोस. तेवढं छापा म्हणजे झालं."

त्यांच्या डोळ्यांत मी इतका उजेड कधी बघितला नव्हता. मी सोमवारीच मॅनेजरच्या मागे लागले की निकाल आले की आपण कॉन्फरन्ससाठी पेपर लिहू. मी लिहिते, सगळं मीच करते. मॅनेजरला आश्चर्य वाटलं, कारण मी आपण होऊन जादा काम मागणारी नव्हे. त्याने हो म्हटलं. घरी आल्यावर मी बाबांना सांगितलं की पेपर होणार आहे. तारीख काय, कुठे, काही नाही, नुसतं होणार आहे. त्यांनी सासूबाईंना शिरा करायला सांगितला.

ऑगस्टमध्ये फोटो आले. गोळी आडवी कापली की भिंगाखाली तिचा गोल फोटो काढतात. तुलनेसाठी घातलेल्या बिनचिमटीच्या गोळ्या चांगल्या होत्या, एकदोन बारीक चिरा, बस. चिमटीच्या गोळ्या फुगल्या होत्या. नुसत्या फुगल्या नव्हत्या, फुगून नळीला आतून रेटत होत्या, आणि मधोमध चिरून कडेपर्यंत फाटल्या होत्या. एका ठिकाणी नळीचीच भिंत बाहेर आलेली दिसत होती. मॅनेजर म्हणाला, "इंटरेस्टिंग," आणि मला म्हणाला, का फुगल्या ते शोध.

आता हे लिहायला हरकत नाही. ती कंपनी कधीच बंद पडली, आणि पुढे भलत्याच देशातल्या लोकांनी तीच चिमूट घालून, तेच बघून, सगळं राजरोस छापलं. बाबा तोवर गेले होते.

त्या दिवशी मी पार्किंगमध्ये गाडीतच बसून राहिले. एसी लावला आणि बसले. साहेब बरोबर होते. फरशीवर कपासारख्या वाजणाऱ्या त्या गोळ्या, आणि साहेब बरोबर होते. मला रडू वगैरे आलं नाही, फक्त गाडी सुरू करून घरी जावंसं वाटेना. पेपर छापा म्हणून मीच नाकदुऱ्या काढल्या होत्या. आता तो छापला की हा म्हातारा माणूस चष्मा लावून तो वाचणार होता.

घरी बाबा मुलीला शेजारी बसवून भेंडी चिरत होते. "डोकं दुखतंय का?" त्यांनी विचारलं. मी हो म्हटलं. त्यांनी चहा करून दिला, आलं घालून, आणि माझ्या हातातली पर्स काढून खुर्चीला अडकवली. मला त्यांच्याकडे बघवेना. त्यानंतर मी छापील गप्पाही टाळायला लागले. काम आहे, मीटिंग आहे, मुलीला झोपवायचंय. एकदा मी वर कपड्यांच्या घड्या करत होते तेव्हा खाली ते नवऱ्याला सांगताना ऐकू आलं, "तिला फार काम पडतंय रे. मी ते थोरियम बंद करतो आता. बिचारी दिवसभर तेच करते आणि घरी आली की मी परत तेच." त्या शनिवारी ते लायब्ररीत गेले नाहीत. क्लबहाऊसमध्ये जाऊन काकांबरोबर घरांच्या किमतींवर बोलत बसले.

सप्टेंबरात त्यांचं परत जाणं आलं. विमानतळावर सासूबाई मुलीला कुरवाळत होत्या. बाबा मला जरा बाजूला घेऊन म्हणाले, "पेपर आला की कळव. छापून आल्यावर तुलाही बंधन नाही, मलाही नाही. मग आपण निवांत बोलू." मी म्हटलं, "हो, बाबा." मग ते सिक्युरिटीच्या रांगेत शिरले आणि बूट काढायला वाकले.

मी पेपर खरा लिहिला. फुगलेल्या गोळ्यांचे फोटो घातले, का फुगल्या असतील तेही घातलं. मला खोटं लिहिता येत नाही, आणि खरं सांगायचं तर कुणीतरी त्यांना छापूनच सांगावं, मला सांगायला लागू नये, असं वाटत होतं. पेपर मंजुरीसाठी वर गेला. परत आला तेव्हा चिमटीच्या गोळ्यांचा सगळा भाग गेलेला होता. कसं केलं, काय घातलं, कशात ठेवलं, हे सगळं तसंच ठेवलं होतं. पुढे साध्या गोळ्यांचे सुंदर फोटो, आणि संपलं. मी विचारलं तर मॅनेजर म्हणाला, कंपनीत पैसे घालणारे नवीन लोक येतायत, त्यांना फाटलेल्या गोळ्या दाखवायच्या का आपण? मी थोडी भांडले. फार नाही. भांडायला अंगात जोर लागतो आणि मला पाचला डेकेअर गाठायचं होतं.

हिवाळ्यात कॉन्फरन्सचं पुस्तक निघालं. मी फोन करायचं आज करू, उद्या करू म्हणत राहिले. कोणत्या तोंडाने करणार होते? शेवटी एका रविवारी सकाळी त्यांचाच फोन आला. त्यांच्या एका जुन्या सहकाऱ्याने पेपर मिळवून त्यांना दिला होता.

"वाचला," ते म्हणाले. "भाषा चांगली आहे तुझी."

"हं."

"गोळ्या केल्या, भाजल्या, आत घातल्या, इथपर्यंत दोन्ही प्रकार आहेत. पुढे फक्त साध्यांचं आहे. चिमटीच्या गोळ्यांचं काही नाही."

मुलगी कार्टून बघत होती, तिला मी हातानेच आवाज कमी करायला सांगितलं.

"आधी मला वाईट वाटलं," बाबा म्हणाले. "म्हटलं, इथेही कपाटातच गेलं. मग मी दोन दिवस विचार केला. आमच्याकडे होतं सरकार. सरकारात फसलं की झाकून ठेवतात, कोणाची मान अडकायला नको म्हणून. तुमची कंपनी आहे. कंपनीला फसलेलं झाकून काय मिळायचंय? कंपनी झाकते ते कमाईचं. उद्या जे विकायचं, ते आज कोण छापेल?" ते हसले. मी त्यांना फोनवर हसताना पहिल्यांदा ऐकत होते. "म्हणजे नाही फुगली."

कंपन्यासुद्धा फसलेलंच झाकतात, हे त्या माणसाला माहीत नव्हतं. सगळा जन्म सरकारात गेलेला. बाहेरच्या जगात तरी व्यवहार सरळ असतो अशी त्यांची समजूत होती.

मागून सासूबाईंचा आवाज आला, "काय झालं? कुणाचं काय?"

"माझं बरोबर होतं गं," त्यांनी त्यांना सांगितलं. "तेव्हा साहेबांशी भांडलो होतो ना, त्यात माझं बरोबर होतं."

"मग इतके दिवस का नाही सांगितलंत?"

"मलाच आज कळलं."

त्या नियमाला मी कितीतरी वर्षं मनातल्या मनात शिव्या घातल्या होत्या. त्याच्यापायी घरातल्या घरात चोरासारखी वावरले होते. बरोबर म्हणायचं नाही, चूक म्हणायचं नाही. आणि आता तोच नियम होता म्हणून मी वाचले होते. मला त्यांना सांगायचं नव्हतं. जगातल्या कुठल्याही सक्तीने सांगायचं नव्हतं.

"तू अगदी गप्पच झालीस," बाबा म्हणाले.

"बाबा, मला यावर काही बोलता येत नाही."

"माहितीय," ते म्हणाले. "म्हणून तर खात्री झाली."